पुसलेल्या नावाचा संगीतकार

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पोलंडच्या एका संगीतकारावर व्याख्यान, असं फलकावर वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. साहजिक आहे. आपल्या व्यासपीठावर आजवर बालगंधर्व झाले, भीमसेनजी झाले, गदिमा आणि बाबूजी झाले. मग हे आंद्जेय पानुफ्निक कोण आणि त्यांचं आपल्याला काय? नाव घेतानाच जीभ अडखळते.

मी काही संगीततज्ज्ञ नव्हे. सारी नोकरी यंत्रांच्या खडखडाटात गेली. पण आपण इथं जमलेली बहुतेक मंडळी गाव सोडून आलेली आहोत. कुणी बदलीमुळं, कुणी वडिलांच्या नोकरीमुळं, कुणी लग्न होऊन. गावाकडं आपली आठवण काढणारं कुणी आहे, एवढ्या भरवशावर माणूस परमुलखात निवांत झोपतो. आता कल्पना करा, की तुमचं नाव तुमच्या देशात कुणी छापायचं नाही, रेडिओवर घ्यायचं नाही, तुम्ही केलेलं काम कुणाला दाखवायचं नाही, असा सरकारी हुकूम निघाला. पानुफ्निक यांच्या बाबतीत असा हुकूम निघाला, आणि तो २३ वर्षं पाळला गेला. त्या माणसाची ही गोष्ट आहे.

आधी थोडी तयारी करू. पानुफ्निक संगीतरचनाकार होते, तसेच कंडक्टरही होते. कंडक्टर म्हटलं की आपल्याला एस.टी.तला, दोरी ओढून घंटी मारणारा कंडक्टर आठवतो. खरं तर दोघांचं काम फार वेगळं नाही. गाडी दोघंही चालवत नाहीत, पण त्यांच्या खुणेशिवाय ती हलत नाही! सत्तर-ऐंशी वादकांचा वाद्यवृंद समोर असतो. कुणी कधी सुरू करायचं, कुणी थांबायचं, व्हायोलिनं किती हळू आणि तुताऱ्या किती जोरात, हे सगळं कंडक्टर हाताच्या इशाऱ्यानं सांगतो.

दुसरी गोष्ट कागदाची. आपल्याकडं बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते. कागद हरवला तरी राग हरवत नाही. पाश्चात्त्य संगीतात मात्र रचनाकार प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर स्वरलिपीत लिहून ठेवतो. छापलेली नसेल तर ती हस्तलिखित प्रत म्हणजेच रचना. ती गेली की सगळं गेलं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं याच कागदांचं काय झालं ते सांगायचं आहे.

व्हायोलिनच्या घरात

पानुफ्निक यांचा जन्म २४ सप्टेंबर १९१४ रोजी वॉर्सा इथं झाला. वडील तोमाश व्हायोलिन बनवत. आई माटिल्डा स्वतः व्हायोलिन वाजवणारी, आणि तिच्या घराण्यात थोडं इंग्रज रक्त होतं. एका खोलीत लाकडाचा भुसा आणि वॉर्निशचा वास, दुसऱ्या खोलीत आईचे सूर, अशा घरात मुलगा वाढला. वडिलांचं कौशल्य घ्यावं की आईचं, या ओढाताणीत संगीताचं रीतसर शिक्षण उशिराच सुरू झालं. वॉर्साच्या संगीत विद्यालयात ते आधी तालवाद्यांच्या वर्गात शिरले आणि मग रचनाशास्त्राकडं वळले. १९३६ साली तिथली पदविका मिळवून ते व्हिएन्नाला गेले, फेलिक्स वाइनगार्टनर या नामवंत कंडक्टरकडं शिकायला. १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ते शिक्षण संपलं. काही महिने पॅरिस, काही महिने लंडन असं करत १९३९ साल उजाडलं.

लंडनमध्ये वाइनगार्टनर पुन्हा भेटले. म्हणाले, युद्ध येतंय, इथंच राहा. म्हाताऱ्या गुरूचा सल्ला अगदी बरोबर होता. तरीही पंचविशीच्या उंबरठ्यावरचा हा तरुण वॉर्साला परतला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या.

कॅफेतली दोन पियानो

जर्मन अमलाखाली पोलिश माणसाला सभा, संमेलनं, जाहीर मैफली यांना बंदी होती. विद्यापीठं बंद झाली. पण कॅफे चालू होते, आणि कॅफेत वाजवायला मोकळीक होती. मग वॉर्सातले उत्तमोत्तम कलावंत चहा-कॉफीच्या टेबलांमध्ये वाजवू लागले.

तिथं पानुफ्निक यांची जोडी जमली वितोल्द लुतोस्वाव्स्की यांच्याशी. हे वयानं दीड-दोन वर्षांनी मोठे, त्याच संगीत विद्यालयातले. जर्मनांच्या कैदेतून निसटून चारेकशे किलोमीटर चालत ते वॉर्साला आले होते. दोघं दोन पियानोंवर बसत. बाखपासून हलक्याफुलक्या चालींपर्यंत सुमारे २०० रचना त्यांनी दोन पियानोंसाठी बांधल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर पोटासाठी ऑर्केस्ट्राच केला दोघांनी. त्या २०० पैकी आज फक्त एक शिल्लक आहे, लुतोस्वाव्स्की यांनी पागानिनीच्या चालीवर बांधलेली. बाकीच्यांचं काय झालं, ते लवकरच येईल.

दिवसा कॅफे आणि रात्री स्वतःचं काम. पानुफ्निक यांनी भूमिगत चळवळीसाठी गाणी केली. त्यातलं 'वॉर्साची मुलं' हे गाणं शहरभर पसरलं आणि आजही पोलंडमध्ये गायलं जातं. १९४२ साली त्यांनी 'ट्रॅजिक ओव्हर्चर' लिहिली. चार स्वरांचा एक छोटासा तुकडा आरंभापासून शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. दारावर रात्री-अपरात्री पडणारी थाप जशी डोक्यात घुमत राहते, तसा तो घुमतो. विमानाची घरघर, बॉम्ब खाली येतानाचा आवाज, गोळीबार, हे सारं त्यात वाद्यांतून ऐकू येतं. १९४४ साली व्याप्त वॉर्सातच त्यांनी ती स्वतः कंडक्ट केली. ऐकणाऱ्यांना अर्थ सांगायची गरज नव्हती.

शेगडीइतकी किंमत

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साचा उठाव सुरू झाला. तो ६३ दिवस चालला. त्याआधी थोडेच दिवस पानुफ्निक आजारी आईला घेऊन शहराबाहेर गेले होते. भाऊ मिरोस्वाव शहरातच राहिला आणि उठावात मारला गेला. उठाव चिरडल्यावर जर्मनांनी वॉर्सा पद्धतशीरपणे, गल्लीमागून गल्ली करत जाळली आणि सुरुंगांनी उडवली.

१९४५ च्या वसंतात पानुफ्निक त्या ढिगाऱ्यांत परतले. दोन कामं होती. भावाला मूठमाती द्यायची आणि मागं ठेवलेली हस्तलिखितं आणायची. शहर भुईसपाट झालेलं असताना त्यांची खोली मात्र उभी होती! हस्तलिखितंही त्या विध्वंसातून वाचली होती. पण मधल्या काळात कुणी अनोळखी व्यक्ती त्या जागेत राहायला आली होती, आणि तिनं ते कागद जाळून टाकले होते.

बंधुभगिनींनो, या ठिकाणी मी दर वेळी थबकतो. बॉम्बनं जाळलं असतं तर शत्रूला शिव्या तरी देता आल्या असत्या. इथं शत्रू नव्हता. त्या व्यक्तीला बहुधा ते रद्दी वाटले असतील. सर्वस्व गमावलेल्या शहरात कागदाला शेगडीइतकीच किंमत उरते. पण त्या रद्दीत ३० वर्षांच्या एका रचनाकाराचं तोवरचं सगळं आयुष्य होतं. पहिली सिंफनी होती, दुसरी सिंफनी होती, सगळं होतं.

मग माणूस काय करतो? पानुफ्निक यांनी आठवायला सुरुवात केली. पियानो-व्हायोलिन-चेलोची एक त्रयी, पोलिश शेतकऱ्यांची पाच गाणी आणि 'ट्रॅजिक ओव्हर्चर' एवढ्या तीन रचना त्यांनी स्मरणातून जशाच्या तशा उभ्या केल्या. वाद्यवृंदातल्या प्रत्येक वाद्याचा स्वरन् स्वर आठवायचा म्हणजे काय, याचा विचार करा. पहिली सिंफनीही पुन्हा लिहिली. ती वाजवलीही गेली. पण ती मनाला पटली नाही म्हणून त्यांनी स्वतःच मागं घेतली. उरलेलं गेलं ते गेलं, आता नवं लिहायचं, असं त्यांनी ठरवलं. 'ट्रॅजिक ओव्हर्चर' त्यांनी भावाच्या स्मृतीला अर्पण केली.

दरम्यान पोटापाण्याचं कामही सुरू झालं होतं. क्राकोवच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे ते कंडक्टर झाले. मग वॉर्साचा वाद्यवृंद नव्यानं उभारायची जबाबदारी आली. सभागृह बॉम्बमध्ये गेलेलं, वादकांना राहायला घरं नाहीत. घरांची आश्वासनं मिळाली, घरं मिळाली नाहीत, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. (सरकारी क्वार्टर्सची वाट पाहणं काय असतं, हे आपल्या वसाहतीला वेगळं सांगायला नको!)

पहिलं बक्षीस आणि मृत्युदाखला

युद्ध संपलं, पण पोलंड आता सोव्हिएत छत्राखाली होतं. १९४८ साली मॉस्कोत शोस्ताकोविच, प्रोकोफिएव यांच्यासारख्या दिग्गजांवर 'आकारवादी' असा शिक्का बसला. म्हणजे यांचं संगीत कामगारांना कळत नाही, त्यात समाजवादी आशय नाही. वारा तिकडून सुटला की वॉर्सात झाडं हलायची.

त्याच वर्षी पोलंडमध्ये दोन डावे पक्ष एकत्र येऊन सत्ताधारी पक्ष बनला. त्याच्या गीतासाठी स्पर्धा ठेवली गेली, आणि पानुफ्निक यांनाही भाग घ्यायला लावलं. ते आत्मचरित्रात सांगतात, की नापसंत व्हावी म्हणून काही मिनिटांत एक सुमार चाल खरडून दिली. तिला पहिलं बक्षीस मिळालं!

उलट, जिच्यावर मन लावून मेहनत केली ती 'सिंफोनिया रुस्तिका'. पोलंडच्या खेड्यांतली कागद दुमडून कातरलेली नक्षी त्यांना फार आवडे. डावीकडं जे, तेच उजवीकडं. आपल्या मखराला जशी कातरकामाची झालर असते, तशी. ही समतोल नक्षी त्यांनी स्वरांत उतरवली. तंतुवाद्यांचे दोन समूह डाव्या-उजव्या बाजूला आणि फुंकवाद्यं मधोमध. चाली लोकगीतांच्या. या रचनेला शोपँच्या नावानं झालेल्या स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. आणि १९४९ साली संगीतकारांच्या परिषदेत सांस्कृतिक खात्याचे उपमंत्री सोकोर्स्की यांनी जाहीर केलं, की 'सिंफोनिया रुस्तिका' आता अस्तित्वात नाही. जिवंत माणसाच्या हातात त्याचा मृत्युदाखला द्यावा, तसला प्रकार.

मित्र लुतोस्वाव्स्की यांचीही तीच गत झाली. त्यांच्या पहिल्या सिंफनीवर १९४९ मध्येच बंदी आली.

पानुफ्निक या काळात तुरुंगात नव्हते, उपाशी नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण गोष्ट सोपी करायचा मोह होतो. सरकारी पारितोषिकं त्यांना मिळत होती. शांततेचा गौरव करणारी सिंफनी त्यांनी लिहिली, परदेशी शिष्टमंडळांत मिरवायला त्यांना पुढं केलं जाई, आणि ते जात. नकार किती दिला आणि होकार किती दिला, याचा हिशेब अभ्यासक अजून मांडत आहेत. इतकं मात्र दिसतं, की खरं संगीत लिहिणं त्यांना दिवसेंदिवस अशक्य होत गेलं.

१९५३ च्या वसंतात त्यांना सांस्कृतिक दौऱ्यावर चीनला पाठवलं. तिथं माओ भेटले, चाऊ एन लाय भेटले. आणि तिथंच घरची बातमी पोचली. त्यांच्या पत्नीला अपस्माराचे झटके येत. बाळाला अंघोळ घालताना असाच झटका आला आणि त्यांची तान्ही मुलगी पाण्यात बुडून गेली. यावर मी आणखी काही बोलत नाही.

झुरिकची रात्र

पत्नी आयरिश वंशाची असल्यामुळं तिला लंडनला जाता आलं. तिथून सूत्रं हलली. जुलै १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला पोलिश संगीताचा कार्यक्रम कंडक्ट करायचं आमंत्रण पानुफ्निक यांना मिळालं आणि सरकारनं परवानगी दिली. ठरलेलं काम त्यांनी आधी पुरं केलं. मग रात्रीच्या झुरिकमध्ये टॅक्सीनं, मागावर असलेल्या गुप्त पोलिसांना चुकवत, ते विमानतळावर पोचले आणि लंडनला उतरून त्यांनी राजकीय आश्रय मागितला. वय ३९.

पोलंडमध्ये ते देशद्रोही ठरले. त्यांच्या रचना वाजवायच्या नाहीत, छापायच्या नाहीत, नाव घ्यायचं नाही. पहिल्यांदा कागद जळले होते, ते अजाणतेपणी. या वेळी पुसणाऱ्याला आपण काय पुसतोय ते नीट ठाऊक होतं. स्वरलिपी तिकडंच अडकलेल्या. मग १९५५ साली लंडनमध्ये बसून त्यांनी आपल्या कितीतरी जुन्या रचना तपासून नव्यानं सिद्ध केल्या. त्यात 'ट्रॅजिक ओव्हर्चर'सुद्धा होती. एकच रचना या माणसानं १९४२, १९४५ आणि १९५५ अशी तीनदा कागदावर उतरवली.

आता नशिबाचा खेळ बघा. ज्या वर्षी जुलैमध्ये पानुफ्निक निसटले, त्याच १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये लुतोस्वाव्स्की यांचा 'कॉन्चेर्तो फॉर ऑर्केस्ट्रा' वॉर्सात वाजला आणि गाजला. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, पोलंडमधली हवा सैलावली. 'वॉर्सा ऑटम' हा आधुनिक संगीताचा महोत्सव सुरू झाला. पेंदेरेत्स्की यांच्यासारखे तरुण पुढं आले, आणि पोलिश संगीत जगात दुमदुमू लागलं. या सगळ्यात पानुफ्निक यांचं नाव नव्हतं. कारण ते घ्यायला बंदी होती! दोन वर्षं आणखी कळ काढली असती तर, असं कुणालाही वाटेल. पण १९५४ मध्ये १९५६ ठाऊक नसतं.

परक्या देशात आपला सूर

इंग्लंडनं आश्रय दिला, पण आश्रय म्हणजे चूल नव्हे. व्हॉन विल्यम्स यांच्यासारख्या ज्येष्ठ इंग्रज संगीतकारांनी मदतीचा हात दिला. पत्नीशी पुढं काडीमोड झाला. १९५७ ते १९५९ ते बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाचे मुख्य कंडक्टर होते. चांगली, मानाची नोकरी. पण तालमी आणि कार्यक्रम यांत लिहायला वेळ मिळेना, म्हणून सोडली. आपल्यासारख्या नोकरदारांना हे धाडस वाटेल, आणि होतंही तसंच. १९६१ मध्ये ते ब्रिटिश नागरिक झाले. १९६३ मध्ये छायाचित्रकार कॅमिला जेसल यांच्याशी विवाह झाला आणि थेम्सकाठी ट्विकनम इथं घर झालं. रॉक्साना आणि जेरेमी ही दोन मुलं. रॉक्साना पानुफ्निक आज स्वतः नावाजलेल्या संगीतरचनाकार आहेत.

स्थिर घर मिळाल्यावर या माणसानं काय लिहिलं? पोलंड लिहिलं. १९६६ मध्ये पोलंडला राज्य आणि ख्रिस्ती धर्म यांची हजार वर्षं पुरी होणार होती. त्यासाठी १९६३ मध्ये त्यांनी 'सिंफोनिया साक्रा' रचली. सुरुवातीला वाद्यवृंदाच्या चार बाजूंना उभ्या चार तुताऱ्या ललकारतात. शेवटच्या भागात 'बोगुरोजीत्सा' हे पोलंडचं सर्वांत जुनं भक्तिगीत अगदी दबक्या सुरात सुरू होतं आणि चढत चढत सगळा वाद्यवृंद व्यापतं. हे गीत १४१० साली ग्रुनवाल्डच्या रणांगणावर पोलिश सरदारांनी गायलं अशी परंपरा आहे. या सिंफनीला मोनॅकोच्या राजघराण्याचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. ज्या देशासाठी लिहिली तिथं मात्र ती वाजू शकत नव्हती.

१९६७ मध्ये 'कातिन एपिटाफ' आली. १९४० च्या वसंतात सोव्हिएत पोलिसांनी कातिनचं जंगल आणि इतर ठिकाणी मिळून सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि नागरिक गोळ्या घालून मारले होते. पोलंडमध्ये त्याबद्दल खरं बोलायची बंदी होती. मॉस्कोनं कबुली दिली ती १९९० मध्ये. पानुफ्निक यांनी त्याआधी २० वर्षांहून अधिक काळ ते स्वरांत मांडून ठेवलं होतं. एकच व्हायोलिन एकटं रडू लागतं आणि मग हळूहळू बाकीची वाद्यं त्याला येऊन मिळतात. लेओपोल्ड स्टोकोव्स्की या थोर कंडक्टरनं १९६८ मध्ये न्यूयॉर्कला ही रचना प्रथम सादर केली.

या कातिनच्या काळाशी आपल्या महाराष्ट्राचा एक धागा आहे. त्याच १९४० पासून पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सोव्हिएत राजवटीनं सायबेरिया आणि मध्य आशियात हाकलली. त्यातल्या वाचलेल्या बायकामुलांपैकी सुमारे ५,००० जणांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला आसरा मिळाला. त्यांनी तिथं शाळा चालवल्या, चर्च उभारलं, नाटकं केली. पुढं त्याच जागी सिंधी निर्वासितांचं गांधीनगर वसलं. आमच्या कोल्हापूरकर मंडळींपैकी काहींच्या घरी 'पोलंडची माणसं' हा शब्द अजून ऐकायला मिळतो. आपल्या घरादाराबाहेर बसून आपली गाणी जपणं, हे पोलिश लोकांना पानुफ्निक यांच्याआधीही नवं नव्हतं.

दुसरा धागा व्हायोलिनचा. येहुदी मेन्युहिन यांना आपण ओळखतो. १९५२ मध्ये ते नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आले, मुंबईत त्यांना पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार भेटले आणि दोघांचं नातं जन्मभर टिकलं. याच मेन्युहिन यांनी पानुफ्निक यांच्याकडून व्हायोलिन कॉन्चेर्तो लिहून घेतला आणि १९७२ मध्ये लंडनला वाजवला. व्हायोलिन बनवणाऱ्या बापाच्या मुलानं लिहिलेला तो कॉन्चेर्तो आहे, हे ऐकताना जाणवतं.

त्यांच्या रचनेची रीतही सांगायला हवी. आमच्यासारख्या अभियंत्यांना ती भावेल! ते सिंफनी लिहिण्याआधी भूमितीची आकृती काढत. वर्तुळं, त्रिकोण, वृक्षाचा आकार. ट्विकनमच्या वर्षांत तर केवळ तीन स्वरांचा एक गट घेऊन, तो उलटासुलटा करत, त्याची प्रतिबिंबं पाडत ते अख्खी रचना उभी करीत. आपल्याकडं मालकंसाला पाच स्वर पुरतात, यांना तीन पुरले. एवढा काटेकोर आराखडा कशासाठी? माझं आपलं एक मत आहे. ज्याच्या आयुष्यात शहर, भाऊ, लेक, कागद, नाव यांतलं काहीच जागेवर राहिलं नाही, त्याला कागदावर तरी सगळं जागच्या जागी हवं होतं. पण आकृती कोरडी राहिली असती तर आपण आज त्यांचं नाव घेतलं नसतं. आकृतीच्या आत दुःख वाहतं.

३६ वर्षांनी

पश्चिमेतही सारं सुरळीत नव्हतं. १९६० च्या दशकात तिथल्या आधुनिकांना ते जुने वाटत, आणि मायदेशी तर नावच नव्हतं. दोन्ही दारं अर्धवट बंद. तरी रोज सकाळी उठून ते लिहीत राहिले.

१९७७ मध्ये पहिलं दार किलकिलं झालं. 'वॉर्सा ऑटम' महोत्सवात त्यांची 'युनिव्हर्सल प्रेअर' वाजली. इंग्रज कवी अलेक्झांडर पोप यांच्या कवितेवरची, कोणत्याही पंथाच्या माणसाला म्हणता येईल अशी ती प्रार्थना. रचनांवरची बंदी उठली, पण ते स्वतः गेले नाहीत. लोकशाही येईपर्यंत पाऊल ठेवायचं नाही, असा निश्चय होता. पोलंडवरची नजर मात्र हटली नव्हती. चेन्स्तोहोवाच्या श्यामवर्णी मातेला अर्पण केलेली 'सिंफोनिया वोतिवा' बोस्टनमध्ये जानेवारी १९८२ मध्ये वाजली, पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाल्यानंतर अवघ्या दीड महिन्यात. सरकारी गुप्त पोलिसांनी १९८४ मध्ये मारलेले फादर पोपिएवुश्को यांच्या स्मरणार्थ त्यांनी बसून कॉन्चेर्तो लिहिला.

१९९० च्या सप्टेंबरमध्ये, ३६ वर्षांनी, ते वॉर्सात उतरले. त्या वर्षीच्या महोत्सवात त्यांच्या ११ रचना सादर झाल्या. १९९१ च्या आरंभी इंग्लंडनं त्यांना 'सर' केलं. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला, ७७ व्या वर्षी, ट्विकनमच्या घरी त्यांचं निधन झालं. पोलंडनं मोठा राष्ट्रीय सन्मान दिला, तो मरणोत्तर. रोस्त्रोपोविच यांच्यासाठी लिहिलेला चेलो कॉन्चेर्तो त्यांना ऐकायला मिळाला नाही. तो १९९२ मध्ये वाजला.

राहिला तो, गेला तो

आता शेवटचा मुद्दा. कॅफेतल्या दोन पियानोंपैकी एक वॉर्सात राहिला, एक लंडनला गेला. एकाचा भाऊ सायबेरियाच्या छावणीत मेला, एकाचा वॉर्साच्या उठावात. दोघांच्या सिंफनींवर एकाच वर्षी घाला आला. लुतोस्वाव्स्की यांनी लोकगीतांवर आधारलेल्या छोट्या रचना करत वाईट दिवस काढले, आपलं खरं काम कपाटात वाढवलं आणि वेळ येताच बाहेर काढलं. लष्करी कायदा आला तेव्हा त्यांनी सरकारी माध्यमांवर बहिष्कार घातला. देशात राहून ते विसाव्या शतकातले एक श्रेष्ठ संगीतकार झाले आणि १९९४ मध्ये गेले.

मग बरोबर कोण? हा प्रश्न आपल्या घरांतही येतो. गावी राहिलेला भाऊ म्हणतो, तू सुटलास. बाहेर पडलेला म्हणतो, तुला घर तरी मिळालं. दोघांचंही खरं असतं, आणि दोघांनाही दुसऱ्याचा हिशेब कळत नाही. मला या दोघांकडं बघून एवढंच वाटतं, की राहणं किंवा जाणं ही अर्धी गोष्ट झाली. जिथं आहोत तिथं बसून आपलं काम पुन्हा पुन्हा लिहायची तयारी आहे का, ही उरलेली अर्धी. लुतोस्वाव्स्की यांनी ते वॉर्सात केलं. पानुफ्निक यांनी क्राकोवमध्ये केलं, लंडनमध्ये केलं, ट्विकनममध्ये केलं.

आपल्या मुलांना मराठी वाचता येत नाही, ही खंत इथं दर वर्षी कुणीतरी बोलून दाखवतं. त्यावर या गोष्टीतून तयार उपाय निघत नाही, आणि मी तसा आवही आणत नाही. फक्त एवढं सांगतो, की पानुफ्निक यांच्या लेकीचा जन्म आणि सारी वाढ इंग्लंडमधली आणि भाषा इंग्रजी, तरी तिच्या संगीतात पोलंड आहे. घरात रोज कुणीतरी ते काम करत बसलेलं तिनं पाहिलं होतं.

बोलणं पुरे. संगीतावर तासभर बोलायचं आणि सूर ऐकवायचा नाही, हे पाप मला नको. ध्वनियंत्रणेवाल्या मुलांनी तयारी केलेलीच आहे. 'ट्रॅजिक ओव्हर्चर' आठेक मिनिटांची आहे. ज्यांना सवय नाही त्यांनी बाकी सगळं सोडून तो चार स्वरांचा तुकडा तेवढा कानानं धरून ठेवावा. जमलं तर पुढं कधी घरी 'सिंफोनिया साक्रा' ऐका, संध्याकाळी, घरची कामं आटोपल्यावर.